जमिनीवर टेकवलेली मूठ

प्रिय धाकल्या,

चेंडू हातात धरून तुझ्या लेकीने पुन्हा मान हलवली. नाही. थोडी थांबली, खाली पाहिलं आणि मग होकार दिला. समोर परसातली भिंत होती, भिंतीवर खडूचा चौकोन. बाकी कुणी नव्हतं. मी खिडकीपाशी मशीनवर एका कोटाला अस्तर लावत होते, ती सुई तशीच थांबवली.

भिंगरी बरी आहे, हे आधी सांगते. जेवते, भांडते, गणित आलं की रडते. तुला सुटी मिळेपर्यंत तिला सांभाळायचं मी आनंदाने घेतलं, पण एक गोष्ट एकटीने ठरवता येत नाही. बेसबॉलचे सर दोनदा माझ्या शिवणाच्या दुकानात येऊन गेले. म्हणतात, दहा वर्षांच्या पोरांत हिचा चेंडू कुणाच्या बॅटला लागतच नाही, तिथे ती वाया जातेय. चौदा वर्षांच्या मुलांत खेळू द्या. मी म्हटलं, अहो, ती त्यांच्या खांद्यालाही लागत नाही. तर म्हणतात, ताई, चेंडूला कुठे उंची कळते? भिंगरी मागे उभी राहून फिदीफिदी हसत होती. उद्या सकाळी मोठ्यांबरोबर सराव आहे. त्यानंतर मी हो की नाही सांगायचं.

तूही दहाचाच होतास. आपला दादा मोठ्या मुलांचा कॅचर. त्यानेच हट्ट करून तुला त्यांच्यात घेतलं. आई नको म्हणत होती. तो म्हणाला, मी समोर बसलोय ना, मग कशाला घाबरतेस? तोंडावर जाळी बांधून तुझे चेंडू झेलायला समोर उकिडवा बसायचा, डावा गुडघा खाजवायचा आणि मग बोटांनी तुला खूण करायचा, कसा चेंडू टाकायचा ते. खुणा तुमच्या दोघांच्याच. मला कधी सांगितल्या नाहीत. मी रुसायचे.

परवा तिला दूध देताना सहज विचारलं, भिंतीकडे बघून कसली मान हलवतेस गं? म्हणाली, भिंतीकडे नाही, तिथे तो मुलगा बसतो त्याच्याकडे. मोठा आहे. आधी गुडघा खाजवतो, मग बोटं दाखवतो. मी काही त्याचं सगळंच ऐकत नाही. बिस्किट बुडवत सांगत होती, शेजारच्या मांजरीबद्दल सांगावं तशी. कुठला गुडघा, हे मी विचारलं नाही. तिनेच आपला डावा खाजवून दाखवला.

या घरात दादाबद्दल कुणी बोलत नाही. त्याचा एकही फोटो बाहेर नाही. तू तिला काही सांगितलं असशील, असं मी स्वतःला समजावलं. पण तू तर माझ्याशीही कधी बोलला नाहीस.

आज संध्याकाळी ती हात न धुताच माझ्या शेजारी येऊन बसली. म्हणाली, आत्या, आज त्याने नवीनच खूण केली. बोटं नाहीत. मूठ जमिनीवर टेकवली आणि तशीच ठेवली. मला कळेना, म्हणून मी चेंडू टाकलाच नाही. काय असेल गं?

ती मूठ मी पाहिली आहे. दादा गेला त्या दिवशी मी तुझ्या पाठीमागच्या कट्ट्यावर बसले होते. दादाने एक हात तोंडावरच्या जाळीकडे नेला आणि दुसऱ्या हाताची मूठ जमिनीवर टेकवली. तुझा हात तोवर चेंडू टाकायला मागे गेला होता. पुढचं तुला माहीत आहे. इतकी वर्षं मी विचारलं नाही, आणि आजही दोष द्यायला विचारत नाही. उद्या ती मोठ्या मुलांसमोर उभी राहणार आहे. म्हणून लिहितेय. त्या मुठीचा अर्थ काय होता?

तुझीच,
ताई

ता. क. पत्र टाकायचं राहिलं होतं, म्हणून इथेच लिहिते. सकाळी सरावात भिंगरीने हात मागे घेतला आणि ती तशीच थांबली. पोरं ओरडली, टाक ना गं, झोपलीस का? सर म्हणाले, घाबरली, अजून लहान आहे. तिने चेंडू टाकला नाही. कंटाळून कॅचर उठला, तर तोंडावरची जाळी खाली पडली. मागचा पट्टा तुटला होता. पट्टा मी दुहेरी टाके घालून शिवून दिला. सरांना हो सांगितलं.