एकाच दिव्याचे दोन भाव

प्रति,
मा. तपासणी अधिकारी,
ग्राहक तक्रार व किंमत तपासणी कार्यालय,
दुसरा मजला.

विषय : मोटारींच्या शोरूममध्ये सुट्या भागांचा भाव माणूस पाहून लावला जातो, तो प्रकार बंद करून सर्व भाव फलकावर लावण्याचा आदेश मिळणेबाबत.

संदर्भ : आपल्या दारावरील सूचना, 'तक्रार लेखीच द्यावी.' (तोंडी सांगायला दोनदा आलो होतो. बाकावर बसून परत गेलो.)

महोदय,

१. मी एका मोटार शोरूमच्या सुट्या भागांच्या काउंटरवर विक्रेता आहे. म्हणजे ज्यांच्याविरुद्ध तक्रार करीत आहे त्यांत मीही आलोच. नंतर कुणी दाखवून देण्यापेक्षा हे आधीच नोंदवलेले बरे.

२. एकच वस्तू दोन शोरूममध्ये दोन भावांना का, असे लोक विचारतात. आम्ही भाडे, वाहतूक, गोदाम अशी कारणे देतो. ती खोटी नाहीत, अपुरी आहेत. निर्माता कंपनी खोक्यावर फक्त कमाल किंमत छापते, तिच्या आत किती लावायचे ते शोरूम ठरवते. आमच्याकडे ते एका प्रश्नावर ठरते. गिऱ्हाईक आले की हसून विचारायचे, "आधी कुठे चौकशी केलीत का?" "हो, दोन ठिकाणी," म्हणाले तर खालचा भाव. "नाही हो, तुम्हीच सांगा," म्हणाले तर वरचा, जवळपास दीडपट. थोडक्यात, ज्याचा आमच्यावर विश्वास, त्याचाच खिसा आम्ही कापतो. नव्या विक्रेत्यांना हे मीच शिकवतो.

३. गेल्या महिन्यात माझे वडील गाडीचा पुढचा दिवा घ्यायला आले. ते निवृत्त ग्रंथपाल आहेत. आईला उपचारांसाठी पहाटे अंधारातच रुग्णालयात न्यावे लागते, एका दिव्यावर ते धोक्याचे होते. मला सवलत द्यावी लागू नये म्हणून त्यांनी मुद्दाम माझ्या सुट्टीचा दिवस गाठला. नव्या विक्रेत्याने ठरलेला प्रश्न विचारला. वडील म्हणाले, "दुसरीकडे कशाला विचारू? माझा मुलगा इथेच कामाला आहे." नाव सांगितले नाही. असे ओळखीचे हवाले रोज चार जण देतात, त्यामुळे त्यानेही विचारले नाही.

४. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी त्याने नक्कल करून दाखवली. "एक काका आले होते. पोरगा इथेच आहे म्हणे! मी म्हटलं, मग काय, घरचंच दुकान. आणि लावला वरचा." सगळे हसले. मीही हसलो. संध्याकाळी घरी टेबलावर दिव्याचा रिकामा खोका आणि बिल पाहिले, तेव्हा आपण कुणाला हसलो ते कळले. लाज वाटली, एवढेच लिहितो. याहून जड शब्द कार्यालयीन भाषेत मला सापडला नाही.

५. त्या विक्रेत्याला दोष द्यावा, तर त्याने मी शिकवले तेच केले. वडिलांना पैसे परत करावेत, तर कशाचे ते सांगावे लागेल. आपलेच दात आणि आपलेच ओठ. धीर करून इतकेच म्हणालो, "बाबा, पुढच्या वेळी दोन दुकानं फिरून बघा हो." ते रागावलेच. "तू बसतोस तिथला भाव मी पडताळून बघू? लोक म्हणतील, बापाचाच पोरावर विश्वास नाही!"

६. एवढ्यावर भागले असते तर हा अर्ज केला नसता. पण मुलाच्या शोरूममध्ये डोळे मिटून जावे, असे वडिलांनी साऱ्या इमारतीत सांगून ठेवले आहे. लोक तसेच येतात. शिंपीणकाकू आरशासाठी आल्या, तळमजल्यावरचे मास्तर वायपरसाठी. प्रश्न विचारायच्या आधीच उत्तर तयार : "कुठ्ठेही विचारलं नाही बघ, तुझे बाबा म्हणाले ना!" वरच्या भावाची विक्री इतकी वाढली की व्यवस्थापकांनी 'विश्वासू विक्रेता' म्हणून माझा फोटो भिंतीवर लावला आहे. मी त्याच्याकडे पाठ करून बसतो.

७. आता गाडीचा दुसरा दिवाही मंद झाला आहे. वडील येत्या सोमवारी येणार आहेत आणि या खेपेस मी असताना, कारण त्यांना तो फोटो पाहायचा आहे. खालचा भाव लावला तर ते मागच्या बिलाशी ताडून पाहतील. जन्मभर नोंदी ताडण्याचेच काम केले आहे त्यांनी. वरचा लावला तर बापाला मी माझ्या हाताने लुबाडीन. तरी सोमवारपूर्वी तपासणी करून भाव फलकावर लावण्याचा आदेश द्यावा. 'वरून हुकूम आला म्हणून भाव उतरले,' असे तरी मला त्यांना सांगता येईल. हेही अर्धे खोटेच, याची मला कल्पना आहे. नोकरी गेली तर माझे मी पाहून घेईन.

८. माझे नाव शोरूमला खुशाल कळवावे. फक्त नोटीस घरी पाठवू नये. टपाल वडील फोडतात आणि चष्मा लावून सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवतात.

आपला नम्र,
(सही)
विक्रेता, सुटे भाग विभाग
दिनांक : शुक्रवार, कार्यालय बंद होण्यापूर्वी

सोबत :
१) एकाच दिवशी, एकाच प्रकारच्या दिव्यासाठी, दोन गिऱ्हाइकांना मी स्वतः दिलेल्या दोन बिलांच्या प्रती.
२) वडिलांचे बिल जोडू शकलो नाही. ते त्यांच्या पाकिटात असते. मुलगा कुठे असतो असे कुणी विचारले की शोरूमचे नाव दाखवायला ते बाहेर काढतात.