फुगे नसलेला राष्ट्रीय दिवस

ती. दादा,

धाकटीचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा निम्मा नमस्कार समजून घे.) तुझे गुडघे काय म्हणतात? वहिनीचं खोकल्याचं औषध तिलाच देतोस, की गोड लागतं म्हणून स्वतःच चाटतोस? इकडे लाँड्री जोरात आहे. कारखान्यात मशीनवर असताना तू कानांवर लावायचास ते जाडजूड कानझाकण बाईसाहेबांना पाठवलंस, त्याबद्दल तुझे किती आभार मानू! (बाईसाहेब म्हणजे तुझी भाची. तुला माहीत आहे, पण वहिनीची शेजारीण हे पत्र वाचणारच, तिच्यासाठी लिहिते.) आता धुलाईचं मशीन कितीही घरघरलं तरी बाईसाहेब निवांत चादरींच्या घड्या घालतात.

पत्रास कारण की, आम्ही देश हलवायला निघालो आहोत. बाईसाहेबांसारखी स्वमग्न माणसं आपल्यात राहतात, हे सगळ्यांना वर्षातून एकदा तरी कळावं, म्हणून राष्ट्रीय स्वमग्नता दिन जाहीर करा, असा अर्ज आमच्या पालक मंडळाने केला. लोकप्रतिनिधी स्वतः ऐकायला यायला तयार झाले, तेही आमच्या लाँड्रीत, कारण बाईसाहेब दुसरीकडे जायला तयार नव्हत्या. झालं, सगळ्यांच्या अंगात आलं. मंडळाचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर (मुलगा महिनोन्‌महिने बोलत नाही, त्याच्या वाट्याचंही डॉक्टरच बोलतात) म्हणाले, बँड हवा. आमच्या ह्यांनी लाउडस्पीकर आणला. मी तरी मागे का राहू? फुगे फुगवले. कंबर त्यातच धरली.

आदल्या दिवशी रंगीत तालीम झाली. ह्यांनी माइकवर हॅलो हॅलो केलं, बँडवाल्याने तुतारी फुंकली आणि इस्त्रीला टेकून माझे तीन फुगे फुटले. डॉक्टरांचा मुलगा टेबलाखाली गेला. बाकीची मुलं कान दाबून रस्त्यावर. बाईसाहेबांनी शांतपणे लाउडस्पीकरची पिन उपटली आणि त्या आतल्या खोलीत चादरींच्या ढिगाआड जाऊन बसल्या. स्वमग्नता दिनाच्या तालमीला एकही स्वमग्न माणूस उरला नाही, दादा! आम्ही शहाणे तेवढे एकमेकांची तोंडं बघत उभे.

मी आत गेले. बाईसाहेबांनी विचारलं, "त्या दिवशी सुट्टी?"

"हो गं, राष्ट्रीय दिवस म्हणजे सुट्टीच."

"मग चादरी?"

"बंद."

"मग नको."

इतक्या थोडक्यात आमचा अर्ज आजवर कुणी फेटाळला नव्हता. बाहेर येऊन मी मंडळाला सांगितलं आणि तिथेच इस्त्रीच्या टेबलावर नवा अर्ज लिहिला. सुट्टी नाही, बँड नाही, भाषण नाही. त्या दिवशी देशातल्या प्रत्येकाने, जे करीन म्हणाला असेल ते, म्हणाला त्याच वेळेला करायचं. बस. हे म्हणाले, असा दिवस कुठल्याच सरकारला झेपायचा नाही. डॉक्टरांनी मात्र चक्क भाषण न करता पहिली सही ठोकली.

दुसऱ्या दिवशी लोकप्रतिनिधी लवाजमा घेऊन वेळेच्या आधीच हजर. बाईसाहेब दारात आडव्या आल्या. "अकरा म्हणालात. अजून अकरा नाहीत." मला वाटलं, संपला आपला दिवस. पण तो माणूस हसला आणि जिन्यात थांबला, दादा! मला तुझीच आठवण झाली. मागे तू आलास तेव्हा तुलाही तिने असंच थांबवलं होतं, आणि तू बॅग उशाला घेऊन पायरीवर चक्क पेंगत राहिलास. बाकीच्या नातेवाइकांनी मला मुलीला वळण लावायला सांगितलं. तू आत आलास, नुसतं पाणी मागितलंस आणि तिला म्हणालास, "बरोबर आहे तुझं." मी तेव्हा आत जाऊन रडले होते. तुझ्यामुळे मला माझ्या लेकीची लाज वाटायची थांबली. हे तोंडावर सांगायला जमलं नसतं, म्हणून लिहिते.

अकराला बाईसाहेबांनी स्वतः खुर्ची पुसून दिली. अर्ज ऐकून लोकप्रतिनिधी म्हणाले, बघू. बाईसाहेबांनी विचारलं, "कधी?" बिचारे गडबडले आणि म्हणून गेले, येत्या महिन्याच्या पहिल्या मंगळवारी, अकरा वाजता, स्वतः येऊन उत्तर सांगतो.

वहिनीला नमस्कार. शेजारणीलाही.

तुझी,
धाकटी

ता. क. दिवस जाहीर होईल की नाही, देव जाणे. हे म्हणतात, तो माणूस त्या मंगळवारी फिरकणारसुद्धा नाही.

ता. क. २. मलाही तेच वाटतं. पण बाईसाहेबांना नाही वाटत. त्या मंगळवारी ती सकाळपासून दारात उभी राहील. अकराला कुणीतरी यायला हवं, दादा. तू ये. गुडघे घेऊन ये, पण ये. लवकर पोचलास तर जिना तुझाच आहे.

ता. क. ३. हे पाकीट चिकटवताना बाईसाहेबांनी पेन मागून घेतलं. खालचं अक्षर तिचं आहे.

मामा. मंगळवार. अकरा. फुगे नाहीत.