चाळीस खोक्यांवरचा खडू

सोमवार, ४ मार्च

आणि म्हणे मी टिकत नाही! दादाचं तुणतुणं फोनवर पुन्हा सुरू — "तुझ्या पायाला भिंगरी. सातवीत शाळा सोडलीस, मग गॅरेज, मग बेकरी." या औषधांच्या गोदामात सहा वर्षं झाली, ती नाही मोजत. धाकट्या बहिणीच्या, बेबीच्या नर्सिंगची फी कुठनं जाते तेही नाही. मी "हं" म्हटलं. फोन ठेवला.

मंगळवार, ५ मार्च

ऑफिसातनं बाई आलीय, लॅपटॉप घेऊन. नवं सॉफ्टवेअर बसणार. कुठल्या गोदामात किती माल, कुणाला कधी पाठवायचा — आता मुख्य ऑफिस ठरवणार, कंपनीच्या सगळ्या देशांतलं एकाच पडद्यावर. "जिथं खरंच वेगळं असेल तेवढं गोदामावर सोडू," म्हणाली. "तुमच्याकडे वेगळं काय आहे?"

मी खोकी मोजत राहिलो.

नंतर मुकादमानं कोपऱ्यात घेतलं. "खडू, तोंड उघडू नकोस. तुझ्या डोक्यात आहे तोवर तू आहेस."

खडू म्हणजे मी. सलाईनच्या चाळीस खोक्यांवर मी खडूनं फुली मारून ठेवतो. हात लावायचा नाही कुणी. बेटावरच्या दवाखान्याची ती. वारा सुटला की बोट चार-पाच दिवस बंद. बोटवाला मला आधी सांगतो, मी आदल्या दिवशीच माल चढवतो. त्यांनी मागायच्या आत. हे कुठल्या कागदावर नाही.

शुक्रवार, ८ मार्च

यादी आली. फुलीची चाळीस खोकी — "पडून असलेला माल". मोठ्या शहराच्या गोदामाला पाठवा.

गाडी मीच भरली. फुल्या बाहीनं पुसल्या. बाही अजून पांढरी आहे.

रविवार, १० मार्च

झोपून होतो.

सोमवार, ११ मार्च

सकाळी बोटवाला — "बुधवारी वारा सुटतोय बघ. या खेपेला दणका आहे." दुपारी बेटावरचा कंपाउंडर — "अरे, बारा बाटल्या उरल्यात. आमची खोकी कधी?"

आमची म्हणाला. त्यानं कधी ऑर्डर लिहिलेलीच नाही. गरजच पडली नव्हती!

जेवण तसंच ठेवून बाईकडे गेलो. सगळं सांगितलं. फुली, बोटवाला, चाळीस का, तीस का नाहीत. ती लिहीत होती. मध्येच थांबली.

"हे मंगळवारी विचारलं तेव्हा का नाही बोललात?"

मुकादम खिडकीबाहेर बघत होता.

मंगळवार, १२ मार्च

बाईनं फोनाफोनी करून पंचवीस खोकी परत आणवली. शेवटच्या बोटीवर मी चढवली. दोरी सोडताना बोटवाला म्हणाला, "एवढा धापा टाकतोस, लग्नाचं वऱ्हाड चुकलं काय?" हसू आलं नाही.

बुधवार, १३ मार्च

वारा. पत्रे वाजतायत.

सोमवार, १८ मार्च

बोट आज चालू झाली. कंपाउंडरचा फोन — "पुरलं रे, बाबा!"

बाईनं पडदा दाखवला. माझंच होतं सगळं. हवामान खात्याचा वाऱ्याचा आकडा आपोआप येतो, आकडा चढला की चाळीस खोकी आपोआप निघतात. फक्त आमच्या गोदामासाठी वेगळा नियम. मला शिकायला सहा वर्षं लागली. तिचा चहासुद्धा गार झाला नव्हता.

"तुमचं आहे हे," म्हणाली. चांगली आहे बाई.

मी "हो" म्हटलं.

मुकादम आला. खिशातनं खडूचा तुकडा काढून माझ्या हातावर ठेवला. कुठं तरी विसरलेला माझाच असणार.

शुक्रवार, २९ मार्च

घरी सांगितलं, बोनस मिळाला. दादा खूश. "बघ! एका जागी टिकलं की मिळतं."

कामाच्या शेवटच्या दिवशी सहा वर्षांचा हिशेब करून जे हातात दिलं ते सगळं पाठवतोय — एक लाख बारा हजार चारशे.