तीन वेळा जळतो

३ मार्च
निवड झाली नाही! वेदना-उपचार केंद्रातल्या संशोधक बाईंचा फोन. "तुमची वर्णनं सौम्य गटात आली." सौम्य! गुडघ्याखाली पाय नाही, आणि नसलेला तळवा दिवसरात्र जळतो.

४ मार्च
दर आठवड्याला काय वाटतं ते लिहून पाठवायचं, अशी पद्धत. संगणकातलं भाषेचं मॉडेल सगळ्यांचं वाचतं, आणि ज्यांचे हाल जास्त त्यांना नव्या उपचारासाठी पुढे काढतं. मला टायपिंग येत नाही. मी बोलायचे, हे टाइप करायचे.

६ मार्च
बाईंना म्हटलं, शेवटचं वर्णन वाचून दाखवा. मी दर वेळेसारखंच सांगितलं होतं, "पाय जळतो, जळतो, जळतो — खालचा तवा काढा कुणीतरी." त्यांनी वाचलं — "पायात अधूनमधून उष्णता जाणवते." पायाखालची जमीन सरकली. एकाच पायाखालची, पण सरकली.

यांना विचारलं. "अगं, तेच तेच किती वेळा? आटोपशीर केलं." जन्मभर वर्तमानपत्रात लोकांच्या बातम्या कापल्या. लग्नाआधी माझी पत्रंसुद्धा दुरुस्त करून परत पाठवायचे. जित्याची खोड! मी खूप रागावले, रडले, जेवले नाही. संध्याकाळी यांनी चहा केला, तो मात्र प्यायले.

११ मार्च
पुन्हा बाई. मॉडेलने माझी सगळी वर्णनं शेजारी-शेजारी ठेवून पाहिली. "पहिली दोन जळजळीत आहेत. तिसऱ्यापासून एकदम थंड. तेव्हा काही घडलं का?" एक जागा अजून आहे म्हणाल्या, नवं वर्णन पाठवा.

पहिली दोन मागवून वाचली. तिन्ही 'जळतो' जागच्या जागी. तवासुद्धा. तीही यांनीच टाइप केलेली.

तिसऱ्याच्या आदल्या दिवशी केंद्राने कळवलं होतं — निवड झाली तर तीन महिने परगावी राहावं लागेल. एकटीने. मी यांना म्हटलंही होतं, जाईन मी.

म्हणजे खोड नव्हती. समजून-उमजून मला जळू दिलं, आणि वर चहा पाजला. इतकी फसवणूक परक्यानेही केली नसती.

१२ मार्च
यांनी केलेला चहा तसाच ठेवला. हे दोनदा घसा खाकरून गेले.

१३ मार्च
आज मीच टाइप केलं, एका बोटाने. जळतो, जळतो, जळतो. हे दारात उभे. म्हणाले, "तीन महिने मी कसा राहू गं?"

"आटोपशीर," म्हटलं, आणि पाठवून दिलं.