अंगठ्याएवढ्या अडॅप्टरची कैफियत

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच समज. प्रत्यक्षात कंबर धरली आहे, कारण पुढे येईलच.) तू, भावोजी आणि मुलं मजेत असाल. इकडे आईची तब्येत ठणठणीत आहे. मोतीबिंदू काढल्यापासून तिला माझ्या शर्टावरचे डाग मी दारात पाऊल टाकायच्या आधीच दिसतात. पत्र पाहून घाबरू नकोस. कागदावर लिहितोय, कारण आमच्या घरातून बाहेर पडणाऱ्या गोष्टींत इतके दिवस पोस्टाचाच वेग त्यातल्या त्यात बरा होता.

तर विषय त्या रविवारचा. आईने तुला स्क्रीनवर विचारलं, ‘मी तीन-चार महिने तुझ्याकडे येऊन राहू का गं?’ आणि तू जी अडकलीस! तोंड अर्धं उघडं, नजर एका बाजूला, कपाकडे निघालेला हात मध्येच थांबलेला. आम्ही तिघं ‘हॅलो, हॅलो’ करत बसलो. मग तू एकदम सुटलीस, ‘आवाज तुटतोय गं, नंतर बोलू’ म्हणालीस आणि गेलीस. आईने पदराने स्क्रीन पुसली. मग म्हणाली, ‘तिची काय चूक? आपलंच नेट मंद. ते आधी दुरुस्त कर, मग पुन्हा विचारीन.’ (बॅग तिने तुला विचारायच्या आधीच माळ्यावरून काढायला लावली होती. आम्ही दोघं दिवसभर चष्म्याच्या दुकानात असतो, घरात तिच्याशी बोलायला फक्त रेडिओ, तोही एकतर्फी.) म्हणजे आईचा मुक्काम ठरायचा तो आता माझ्यावर आला, आणि संगणकातलं मला काय कळतं ते तुला ठाऊकच आहे.

आमच्या संगणकाला नेट मिळतं ते मागे खोचलेल्या अंगठ्याएवढ्या अडॅप्टरमधून. मी दुकानाशेजारच्या संगणक-दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याला सगळे ‘रिस्टार्ट’ म्हणतात, कारण काहीही सांगा, तो आधी तेवढंच म्हणतो. आमच्याकडेही म्हणाला. केलं. काही झालं नाही. मग म्हणाला, ‘अडॅप्टर चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, जुना झालाय, नेटवरून नवा उतरवून घ्या.’ तो उतरवता उतरवता दुपार गेली, कारण नेट मंद. नेट वेगवान करायला आधी वेगवान नेट लागतं, हे कोणाच्या डोक्यातून निघालं असेल? रिस्टार्टला विचारलं तर तो म्हणाला, ‘सगळीकडे असंच असतं काका,’ आणि चहा पिऊन गेला.

दुसऱ्या खेपेला त्याने आणखी ज्ञान दिलं. एकाच राउटरची दोन नावं दिसतात, एकापुढे पाचाचा आकडा. पाचवालं जवळ असलं तर सुसाट, पण भिंत आली की गळपटतं. दुसरं भिंत ओलांडतं, पण रमतगमत. मी म्हटलं, मग पाचवालंच घेऊ आणि भिंतीचं बघू. तर म्हणे तुमच्या अडॅप्टरला पाचवालं दिसतच नाही. (दिसत नाही म्हटल्यावर मी सवयीने नंबर विचारणार होतो.) शिवाय अडॅप्टर संगणकाच्या पत्र्याआड, त्यामागे लोखंडी कपाट. ‘त्याला मोकळ्यात आणा,’ म्हणाला. त्याला मोकळ्यात आणायला मी टेबलाखाली शिरलो, तो सापडला, आनंदाने उठलो, डोकं टेबलाला आणि कंबर कायमची. ही आधी हसली आणि मग शेक द्यायला धावली, हा क्रम मी लक्षात ठेवला आहे.

मग लांब वायर लावून अडॅप्टर घरभर फिरवला. स्टुलावर ठेवला तर वेग यायचा, मी स्टुलापासून दूर झालो की जायचा. म्हणजे मी जन्मभर तिथेच उभं राहायचं का? कपाटावर ठेवला, आणखी मंद. शेवटी कंटाळून हिने तो चिमट्याने कपड्यांच्या दोरीला लटकवला आणि स्क्रीनवरचा वेगाचा काटा असा वर गेला की मीच घाबरलो. थोड्या वेळाने पुन्हा खाली. का, तर शेजारी कोणीतरी ओला टॉवेल वाळत टाकला होता. (कोणीतरी म्हणजे मीच.) टॉवेल काढला, वेग परत. आता आमच्या घरात अडॅप्टर सुकतो आणि टॉवेल ओले राहतात. यातलं का आणि कसं मला विचारू नकोस, मी हात टेकले आहेत. पण काल दुकानातून घरी फोन लावून पाहिला, आई पापणी लववते तेसुद्धा दिसलं.

तेव्हा नेट दुरुस्त आहे. या रविवारी नेहमीच्या वेळी फोन कर. भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. एक राहिलं. काल संध्याकाळी पैसे न्यायला घरी आलेला रिस्टार्ट सहज म्हणाला, ‘चित्र अडकतं तेव्हा सगळंच अडकतं ना काका?’ मी म्हटलं, हो, सगळंच. आई आतून कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली, ‘नाही. तिच्या मागचा पडदा हलत होता.’ आणि घड्या घालत राहिली. ताई, मला या प्रकरणात आधीही काही कळत नव्हतं, पण हे ऐकल्यावर मी फारच गोंधळलो. तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, तर मग मला टेबलाखाली का घातलं? हिला विचारलं, तर ही म्हणाली, ‘तुमच्या बहिणीला थोडा वेळ मिळावा म्हणून.’

ता. ता. क. हे तुला लिहायचं नाही अशी आईची सक्त ताकीद आहे. तुझं घर लहान, भावोजींचं काम घरूनच, हे आम्हालाही समजतं. हो म्हण, नाही म्हण, पुढच्या वर्षी म्हण, आई सगळं ऐकून घेईल. पण ताई, या वेळी हल.