खवल्या मांजराची गैरहजेरी

तीर्थरूप दाजी,

धाकट्या मेहुण्याचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यांमुळे तूर्त सहाच अंगांचा, उरलेली दोन रजेवर आहेत). ताईचा रक्तदाब आणि आपला घसा कसा आहे? महामंडळाच्या सभेत आपण सलग पन्नास मिनिटं बोललात असं कळलं, म्हणजे घसा उत्तम असावा. ऐकणाऱ्यांची प्रकृती कळवावी.

काल मला कारणे दाखवा नोटीस आली. वन्यजीव खात्यात उभी हयात गेली, नोटिसा पुष्कळ पाहिल्या. पण ही माझ्या नावे असली तरी माझ्यासाठी नाही, आमच्या टेकडीवरच्या खवल्या मांजरासाठी आहे. पाहणीच्या दिवशी सदर प्राणी कार्यालयीन वेळेत गैरहजर आढळला, सात दिवसांत खुलासा करावा. प्राण्याला लिहिता येत नसल्यामुळे (एवढं महामंडळानं मोठ्या मनानं मान्य केलं आहे) खुलासा त्याच्या वरिष्ठानं, म्हणजे मी, द्यायचा.

आपण त्या महामंडळाचे सदस्य, म्हणून आपल्यावरच रागावतो. परक्या माणसावर इतकं मनापासून रागावता येत नाही. पूर्वी खात्याला एक संचालक होता, जनावरांत मुरलेला, आणि सरकारी पैसा उशिरा का होईना, सगळ्या प्राण्यांना मिळून यायचा. आता त्याच्या जागी महामंडळ, त्याचे पंधरा सदस्य: हॉटेलवाले, बसवाले, बिल्डर, आणि फरशीच्या व्यापाऱ्यांतर्फे आपण (आपल्या फरशीबद्दल तक्रार नाही, आमच्या न्हाणीघरात अजून कोणी घसरलेलं नाही). जनावरांचा डॉक्टर विशेष निमंत्रित, म्हणजे त्याला खुर्ची आहे, मत नाही. आणि निधीची वाटणी दर्शनावर: जो प्राणी पाहुण्यांना जितक्या वेळा दिसेल, तितका त्याचा वाटा. त्यामुळे कचराकुंडीवरच्या माकडांची चंगळ, आणि लपण्यावरच ज्याचा जीव तगतो त्याच्या नावापुढे शून्य. पाठशाळेत गुरुजी सांगायचे, जे दिसण्याजोगं असूनही दिसत नाही, त्याचाच अभाव मानावा, लपलेल्याचा नाही. एवढा तर्क पंधरा डोक्यांत मिळूनही मावू नये?

हे जनावर अंधार पडल्यावर निघतं असं मी आधीच लेखी कळवलं होतं. उत्तर आलं की वेळ बदलण्याचा अधिकार उपसमितीचा, आणि उपसमिती अजून नेमायची आहे. तेव्हा पाहणी सकाळी अकरा ते एक. अध्यक्षांनी तेवढ्यात फोनवर एका प्लॉटचा सौदा उरकला. बसवाल्यांनी मला विचारलं, "हे म्याव करतं का हो?" मी म्हटलं, नाही, मुंग्या खातं. "मग मांजर कसलं?" असं म्हणून त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. तेच पुढे नोटिशीत उतरलं असावं.

माझं काय, मी खुलासे लिहून जगेन. पण ही गैरहजेरी कायम झाली की टेकडी पर्यटनाकडे जाणार आणि जनावरांचा माग काढणाऱ्या आमच्या माणसाचं पद रद्द होणार. आपण त्याला पाहिलंय, सगळे मौनी म्हणतात तो. धुळीतला शेपटीचा ओरखडा पाहून जनावर एकटं गेलं की पाठीवर पिल्लू घेऊन, हे सांगणारा दुसरा माणूस खात्यात नाही. बावीस वर्षं ही टेकडी त्यानं पायांनी पाठ केली. त्याला आता टोपी घालून तिकीटखिडकीशी उभं करायचा प्रस्ताव आहे, तोही रोजंदारीवर. याला पुनर्रचना म्हणतात. आमच्याकडे याला घर विकून कुलूप घेणं म्हणतात.

ताईस नमस्कार.

आपला संतप्त तरी आज्ञाधारक,
मेहुणा

ता.क. मौनीच्या पदाचा विषय मंगळवारी मताला येतो आहे. आपलं मत त्याच्या बाजूनं पडावं, पत्र एवढ्यासाठीच. वरचा संताप वेष्टन समजावा.

ता.क. २. मत न पडल्यास मी खुलाशाला एक फोटो जोडणार आहे. पाहणीत आपण दोन तास घडीच्या खुर्चीवर बसला होतात. ती खुर्ची नेमकी बिळाच्या तोंडावर होती.

ता.क. ३. फोटो जोडत नाही. खुर्ची तिथं कोणी मांडली म्हणून मौनीला आत्ताच विचारलं. म्हणाला, "मीच. आत पिल्लू आहे, साहेब. पंधरा जणांनी बीळ पाहिलं असतं तर संध्याकाळपर्यंत खवल्यांच्या चोरट्या बाजारात कळलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी कुदळी आल्या असत्या. त्यातल्या त्यात दाजी बसले की हलत नाहीत." म्हणजे ज्या दर्शनावर त्याची भाकरी, त्यावर त्यानं स्वतःच्या हातानं आपल्याला बसवलं. दाजी, हे खुलाशात लिहिता येत नाही. आपणही कुठे बोलू नका. मंगळवारी फक्त मौनीच्या बाजूनं तसेच बसा, आणि हलू नका.