पिवळ्या तोंडाचा खुलासा

परभणी, सोमवार

ती. आक्कास,

हेमाचा साष्टांग नमस्कार. (तू रागावली आहेस, त्यामुळं हा नमस्कार तुझ्या पायांपर्यंत पोचेल की उंबऱ्यावरच अडेल, हे सांगता येत नाही, तरी घातला आहे.) दाजींचा गुडघा कसा आहे? चारठाण्याच्या देवळाच्या पायऱ्या चढू नका म्हटलं तर ते मुद्दाम चढतात, हे मला ठाऊक आहे. तुझी कंबर, तुझी म्हैस, दोघी ठीक असतील. आमचं इकडं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते; खरं तर ठीक म्हणजे नेमकं काय, याबद्दल गेले आठ दिवस माझा गोंधळ उडालेला आहे.

फोन का केला नाही म्हणशील. केला होता. तू "लेकीचं लगीन उरकलंस, आन् सख्ख्या बहिणीला अक्षदासुद्धा न्हाई?" एवढं म्हणून ठेवून दिलास आणि नंतर उचललाच नाहीस. आता माझ्या दारात पाय ठेवणार नाहीस, असाही निरोप आला. शिवाय तू फोन ओसरीवर स्पीकर लावून ठेवतेस आणि शेंगा सोलत बोलतेस. मला जे सांगायचं आहे ते पलीकडच्या सटवाजीमामांनी ऐकण्यासारखं नाही. म्हणून पत्र.

आक्का, भक्तीचं लग्न झालेलं नाही. ठरलेलं नाही. तसा विचारही नाही. पण ते झालं नाही हे तुला पटवायचं, तर मग आम्ही त्या दिवशी गाडीत पिवळे का होतो ते सांगावं लागतं. आणि ते सांगायचं, तर पोरगी वर्षभर जे झाकत होती ते मीच उघडं करते. न सांगावं तर बहीण जाते, सांगावं तर लेकीचा विश्वास जातो. मी रोजनिशीत दोन्ही बाजू मांडून पाहिल्या. दोन्ही खऱ्या वाटल्या. शेवटी भक्तीलाच विचारलं. ती म्हणाली, "सांग की. मावशीलाच सांगायलीस नव्हं, पेपरात न्हाई." म्हणून सांगते.

भक्तीच्या हनुवटीवर आणि ओठावर केस येतात. लव नव्हे, केस. चांगले काळे, राठ. मला हे वर्षभर कळलं नाही याची लाज वाटते, पण परभणीच्या उन्हात कोणती पोरगी डोळे सोडून सगळं तोंड बांधत नाही? कृषी महाविद्यालयातून ती स्कार्फ बांधून यायची, मला वाटायचं ऊन. दिवाळी झाली, थंडी पडली, स्कार्फ सुटेना, मला वाटलं धूळ. मग ती घरातही स्कार्फ बांधून जेवायला बसली, तेव्हा मात्र माझ्याकडं कारणं संपली. (जेवताना ती तो एका बोटानं वर करून घास आत सारत होती.)

मग सल्ले. आक्का, एवढी खात्री असलेली माणसं मी एका ठिकाणी कधी पाहिली नव्हती. पार्लरची पिंकी म्हणाली दोऱ्यानं काढा. शेजारच्या राजेश्रीवहिनी म्हणाल्या दोरा लावला तर जास्तच येतील. आमचे हे म्हणाले वस्तरा. त्यावर राजेश्रीवहिनींनी कपाळाला हात लावला, की वस्तऱ्यानं रान माजतं. झरीहून सासूबाई म्हणाल्या, "मिशीवाली बाई लय नशिबाची असती, घर चालिवती. कशाला काढायलात?" (त्यांनी स्वतः मिशीशिवायच घर चांगलं चाळीस वर्षं चालवलं आहे, पण मी बोलले नाही.) मी बी.ए. झालेली बाई, प्रत्येकाचं ऐकलं की तेच बरोबर वाटायचं. मला भक्तीची काळजी आहे की लोक काय म्हणतील याची, हेही मी स्वतःला विचारलं.

राजेश्रीवहिनींचा उपाय असा: करडईच्या तेलात हळद कालवून दाट लेप द्यायचा, दिवसभर ठेवायचा, केस मुळापासून जातात. करडई आपल्याकडचीच आणि हळद वसमतची, ह्यांच्या मित्रानं थेट शेतावरून दिलेली. आता मला सांग, जी वस्तू आपण स्वतः लावून पाहिली नाही ती लेकीच्या तोंडाला कशी लावावी? म्हणून आधी मी लावली. मी लावल्यावर भक्तीनं लावली. आणि आम्हा दोघींचे हात मोकळे राहावेत म्हणून लेप कालवला ह्यांनी, दोन्ही हातांनी, कोपरापर्यंत. संध्याकाळी धुतलं. साबण, बेसन, लिंबू, सगळं झालं. केस होते तिथंच होते, फक्त सोनेरी झाले होते. बाकी तोंडं मात्र अशी पिवळी, की देवघरातल्या समईला कमीपणा यावा.

दुसऱ्या दिवशी नांदेडला जायचं होतं, कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडं. वेळ भक्तीनं स्वतःच घेऊन ठेवली होती. (हे तिनं लेप धुतल्यावर सांगितलं. आधी का नाही सांगितलं म्हटलं, तर म्हणे, "तू एवढ्या हौसेनं हळद कालवायला लावलीस, मग म्हनलं लावावं.") तिच्या तोंडाची आग होत होती म्हणून गाडीत तिनं स्कार्फ सोडला. अंगात हिरवा ड्रेस, हातात झरीच्या जत्रेतल्या हिरव्या बांगड्या. आणि चुडाव्याला गाडी थांबली, तेव्हा फलाटावर नेमकी आपली धुरपतामावशी.

आता तिच्या जागी तू असतीस तर काय समजली असतीस? पोरगी पिवळी, हिरव्या बांगड्या. शेजारी पोरीची आई, तीही पिवळी. खिडकीचा गज धरलेले बापाचे हात कोपरापर्यंत पिवळे. नवरीला हळद लागली की आईबापालाही लागते, हे तिनं पंचवीस मांडवांत स्वतः लावून पाहिलेलं. पुरावा कुठंच कमी नव्हता. "अगं माय, हेमे! उरकलंस व्हय गं?" म्हणून ती खिडकीशी आली. मी तोंड उघडलं. नाही म्हणावं तर "मग हे काय?" असं ती विचारणार, त्याचं उत्तर अख्ख्या डब्यात द्यायचं का? मी विचार करत राहिले आणि गाडी सुटली. मी नुसती हसले. ते हसणं मला फार महागात पडलं. नवरीच्या आया असंच हसतात.

दवाखान्यात खिडकीवरच्या मुलानं आमच्याकडं एकदा पाहिलं आणि न विचारता सांगितलं की काविळीचे डॉक्टर वरच्या मजल्यावर. आम्ही वर गेलोही. (एवढ्या खात्रीनं कुणी सांगितलं की मी जातेच, हा माझा जुना रोग.) तिथून खाली पाठवलं. डॉक्टरीणबाईंनी आधी कापसानं तोंड पुसून पाहिलं, मग हळद आहे म्हटल्यावर बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिल्या. मला वाटतं त्या हसत होत्या. पण भक्तीशी मात्र नीट बोलल्या. पाळी वेळेवर येते का, वजन वाढलं का, केस हळूहळू आले की एकदम. हे शरीरातल्या संप्रेरकांचं काम आहे, पुष्कळ बायकांना असतं, त्यात तिचा काही दोष नाही. रक्त तपासायचं, सोनोग्राफी करायची, मग औषध. त्याचा गुण दिसायला सहा महिने तरी लागतात. तोवर वस्तरा लावला तरी चालतो, त्यानं केस दाट होत नाहीत. (हे ऐकून ह्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जसं काही संशोधन त्यांचंच होतं.) लेसरही असतं, पण तेही एका बैठकीत होत नाही. मी सगळं ऐकलं, समजलंही, आणि बाहेर आल्यावर पुन्हा गोंधळले, कारण भक्ती हसत होती. वर्षभरात पहिल्यांदा. म्हणे, "आई, पुष्कळ बायकांना असतं म्हणल्या. मग त्या सगळ्या कुठं हाईत?"

आम्ही घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. तिकडं झरीला सासूबाई रडून झाल्या होत्या, दोन ठिकाणांहून रुसवे आले होते, धुरपतामावशीकडून एक लुगडं आहेर म्हणून येऊन पडलं होतं. त्यात तुझा फोन. आता तुला सगळं माहीत आहे. पटलं तर रुसवा सोड. दाजींना नमस्कार.

तुझी,
हेमा

ता. क. धुरपतामावशीला मी फक्त "लग्न नव्हतं" एवढंच कळवलं. त्यावर तिनं लगेच पुतण्याचं स्थळ आणलं. हळदीत पोरगी लय खुलून दिसली म्हणे. भक्तीनं शिक्षण होईपर्यंत नाही म्हणून कळवलं आहे. लुगडं मात्र मावशी परत घेत नाही.

ता. क. २. हे लिहू की नको, म्हणून पत्र दोन दिवस पाकिटात न घालता ठेवलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आईच्या बाजूला कुणाला असा त्रास आहे का? मी ठामपणे नाही म्हणाले. परतताना गाडीत भक्ती तुझ्याविषयी म्हणाली, "मावशी सदा पदर हनुवटीवरून का घेती गं? बायाबायांतबी?" आक्का, मी जन्मभर त्याला मर्यादा समजत आले. तुझ्या लग्नाच्या फोटोतही तो तसाच आहे. आणि काटे काढायचा तो चिमटा तू माहेरी येतानाही कमरेच्या पिशवीत का आणतेस, हे मी कधी विचारलं नाही. माझा अंदाज चुकला असेल तर हा मजकूर फाड. बरोबर असेल, तर पुढच्या गुरुवारी आमच्याबरोबर नांदेडला चल. भक्तीचा हट्ट आहे: "मावशीला एकलीला कशाला ठेवायचं?" फोन केलास तर आधी स्पीकर बंद कर.

ता. क. ३. गाडी चुडाव्याला थांबेल. तू आणि मी तेवढा वेळ पदर घेऊन बसू. भक्ती म्हणते, ती स्कार्फ न बांधता खिडकीशीच बसणार.